डावीकडून तिसरी कोण?

स्त्री-महाविद्यालयांच्या जुन्या छायाचित्रांना अलीकडे बरे दिवस आले आहेत. संस्थांचे सुवर्णमहोत्सव आणि शताब्द्या साजऱ्या होतात, स्मरणिका निघतात, सभागृहाच्या बाहेर तसबिरी मांडल्या जातात, एखाद्या दिनदर्शिकेच्या पानावर नऊवारी नेसलेल्या मुलींची रांग झळकते. लोक थांबून पाहतात, 'काय ते दिवस' म्हणून हळहळतात आणि पुढे जातात. चित्राखालची ओळ मात्र सहसा कोणी वाचत नाही. ती वाचावी अशी आमची विनंती आहे. मधल्या खुर्चीवर बसलेल्या पाहुण्यांचे नाव तीत असते, त्यांचा हुद्दा आणि पदव्या असतात. शेजारी प्राचार्यांचे नाव असते. आणि उरलेल्या तीस-चाळीस जणींसाठी एकच शब्द असतो : 'विद्यार्थिनी'. ज्यांच्यासाठी ती संस्था निघाली, ज्यांच्या शिकण्यामुळे तिला संस्था म्हणायचे, त्यांचीच वासलात एका अनेकवचनात लावलेली असते.

या रीतीविरुद्ध आम्हाला येथे स्पष्ट बोलायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या छायाचित्रातील माणसांची नावे लिहून ठेवलेली नाहीत, ते छायाचित्र जतन झालेले नसते. ते फक्त टाकून द्यायचे राहिलेले असते. अशा चित्राला वारसा म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. आणि ही नावे लिहिण्याचे काम संस्थांचे, सरकारचे वा संशोधकांचे नसून पहिल्याप्रथम आपल्या घरांचे आहे. घरांनी ते केले नाही, तर पुढे ते कोणालाच करता येणार नाही.

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या महू-इंदूरकडे अधिक निकडीचा का, ते आधी सांगितले पाहिजे. १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर महूची छावणी वसली. कोणी होळकरांच्या चाकरीत, कोणी पलटणीत, कोणी रेल्वेत, टपालात वा शाळाखात्यात, अशी आपली मराठी घरे या माळव्यात आली आणि रुजली. त्या घरांतल्या मुली शिकल्या त्या एका ठिकाणी नव्हे. कोणाला पुण्याच्या नातेवाइकांकडे ठेवले, कोणाला नागपुरास. पुष्कळ जणी इंदुरातच शिकल्या. इंदूरची महाविद्यालये दीर्घकाळ १९२७ साली स्थापन झालेल्या आग्रा विद्यापीठाला जोडलेली होती. १९५७मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ निघाले, १९६४मध्ये इंदूर विद्यापीठ झाले आणि १९८८मध्ये त्याला देवी अहिल्येचे नाव मिळाले. राज्य म्हणावे तर १९४८पर्यंत होळकरांचे, नंतर मध्यभारताचे आणि १ नोव्हेंबर १९५६पासून मध्य प्रदेशाचे. म्हणजे एकाच घरात आजीचे प्रमाणपत्र आग्र्याचे, आईचे उज्जैनचे आणि लेकीचे इंदूरचे, असे सहज घडू शकते. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्याला आपण नकाशाबाहेरचे; मध्य प्रदेशाचा लिहिणाऱ्याला आपण बाहेरून आलेले. दोन्हीकडच्या दप्तरांतून निसटलेल्या या मुलींचा सलग पुरावा एकाच जागी असण्याचा संभव आहे : आपल्या घरच्या ट्रंकेत, पिवळ्या पडलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या समूहचित्रात. आणि वाडे विकले जात असताना सर्वांत आधी रद्दीत जाते ती ट्रंकच.

नावाचे मोल काय, हे पाहायचे असेल तर मराठी स्त्रीच्या महाविद्यालयीन जीवनाचे जे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र आहे, त्याच्याकडेच पाहावे. ते पुण्यात काढलेले नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, पेनसिल्व्हानियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांच्या स्वागत-समारंभाच्या वेळी, १० ऑक्टोबर १८८५ रोजी ते काढले गेले. चित्रात तीन तरुणी आपापल्या देशाच्या वेषात आहेत : साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबुली. आज हे चित्र साऱ्या जगात फिरते. ते फिरते आहे याचे कारण त्यातील पोशाख नव्हेत. तशा पोशाखातल्या हजारो अनामिक स्त्रियांची चित्रे जगभरच्या पेट्यांतून धूळ खात पडली आहेत. हे चित्र जगले, कारण कोणीतरी त्याखाली तिघींची नावे आणि गावे लिहून ठेवली.

त्या लिखाणात चुका आहेत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. तिघींच्या नावांमागे 'डॉक्टर' लावले आहे. वास्तविक त्या दिवशी तिघींपैकी एकीलाही पदवी मिळालेली नव्हती. आनंदीबाईंना ती मार्च १८८६मध्ये मिळाली, ओकामींना १८८९मध्ये आणि इस्लामबुलींना १८९०मध्ये. इस्लामबुलींचे नाव साबात. ओळीत ते 'ताबात' असे पडले आहे. आनंदीबाईंचे गाव म्हणून श्रीरामपूरचे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरचे नाव आले, तेही वेडेवाकडे होऊन. पण चूक लिहिलेली असली की ती दुरुस्त करता येते. ताबात नव्हे साबात, असे पुढच्या अभ्यासकांना म्हणता आले, कारण शोधायला काहीतरी हाती होते. जेथे नुसतेच 'परदेशी विद्यार्थिनी' लिहिले असते, तेथे दुरुस्त काय करणार? चुकीचे नाव हे निदान एक टोक असते. त्याला धरून मागे जाता येते. कोऱ्या जागेला टोक नसते.

आणि त्या वेड्यावाकड्या गावनावात आपल्यासारख्यांना ओळखीचे काही दिसावे. आनंदीबाई कल्याणच्या, मग त्यांच्यापुढे बंगालचे गाव कसे? कारण गोपाळराव टपालखात्यात होते आणि बदलीच्या नोकरीपायी ते बिऱ्हाड अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे फिरत शेवटी सेरामपूरला पोचले होते. परदेशी जाण्यामागचा आपला हेतू आनंदीबाईंनी जाहीर भाषणात सांगितला तो तेथेच, १८८३च्या फेब्रुवारीत. म्हणजे आपली ही पहिली डॉक्टर परमुलखातल्या मराठी बिऱ्हाडातून निघालेली होती. बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात तिचे निधन झाले. दवाखाना चालवण्याची संधी तिला मिळाली नाही. तिचे शिक्षण हेच तिचे कर्तृत्व, आणि त्या शिक्षणाचा डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा म्हणजे नावासकट राहिलेले ते चित्र. नाव नसते, तर ती साडी नेसलेली एक हिंदू मुलगी एवढीच उरली असती.

येथे कोणी म्हणेल की आनंदीबाई एकच झाल्या. आमच्या आत्या-मावश्यांनी इंदुरात बी.ए. केले, यात जगाने नाव घ्यावे असे काय? या शंकेला उत्तर देण्याआधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठी घरांत मुलींची नावे हरवतात ती केवळ हलगर्जीपणाने नव्हे. ती हरवण्याची आपल्याकडे रीतसर व्यवस्था होती. लग्नात आडनाव बदले ते बदलेच, पण तांदळात अंगठीने नवे नाव लिहून पाळण्यातले नावही पुसले जाई. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई या मूळच्या गोदूबाई, आणि घरात साऱ्यांच्या बाया. या थोरांच्या घरच्या म्हणून त्यांची दोन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. इतरांचे काय? महाविद्यालयाच्या पटावर माहेरचे नाव. सासरच्या शिधापत्रिकेवर दुसरे. नातवंडांच्या तोंडी 'माई', 'जिजी' किंवा 'काकू'. आजी गेल्यावर नातू पट उघडून बसला, तरी त्याला ती सापडत नाही. कारण तो जे नाव शोधतो ते त्या पटावर कधी नव्हतेच. ही तीन नावे एका रेघेने जोडणारी माणसे घरात असतात तोवरच हा दुवा असतो. आज ती माणसे ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून महाविद्यालयाचे समूहचित्र हे घरच्या अल्बममधल्या इतर चित्रांसारखे नाही. छायाचित्रणाची कला आपल्याकडे उशिरा आली असे नव्हे. लाला दीनदयाळ इंदुरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि १८७४च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो येथेच. तुकोजीराव होळकर दुसरे यांचा आश्रय त्यांना लाभला. पुढे भारतभर कीर्ती पावलेल्या या छायाचित्रकाराची सुरुवात आपल्या गावची आहे. पण कॅमेरा आला म्हणून बाई कॅमेऱ्यासमोर आली असे होत नाही. १८९२मध्ये दीनदयाळांना हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढावा लागला आणि तो चालवायला केनी-लेव्हिक या इंग्रज बाई नेमाव्या लागल्या. पुरुषाने बाईचे चित्र काढणे हेच अवघड, मग ते भिंतीवर लावणे दूरच. पुढे मध्यमवर्गीय घरांतून चित्रे निघू लागली ती लग्नाची, मुंजीची, सत्यनारायणाची. त्यांत बाई कोणाची तरी पत्नी, आई वा सून म्हणून उभी असे. महाविद्यालयाच्या चित्रात ती पहिल्यांदा कोणाचीच कोणी नसते. ती असते ती 'इंटरच्या वर्गातली', 'वादविवाद मंडळाची चिटणीस', 'नाटकात मिशा लावून राजा झालेली'. पुष्कळ जणींच्या आयुष्यातले असे हे एकुलते एक चित्र असावे. त्या चित्राखालीच तिचे नाव नसावे आणि लग्नाच्या चित्रामागे मात्र मुहूर्तासकट सारे लिहिलेले असावे, यातून आपण तिच्या कोणत्या जन्माला खरा मानले ते कळते. वरच्या शंकेला आमचे उत्तर हेच आहे. आत्या-मावशीचे नाव जगाने घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. तिच्या घराने ते विसरू नये एवढेच आहे.

आता दुसऱ्या, अधिक गोड अशा अपराधाकडे वळू. ही चित्रे मांडणारे पुष्कळ जण त्यांच्या आधाराने आजच्या मुलींना उपदेश करतात. पाहा, कशा सोज्वळ, कशा शालीन होत्या. चेहऱ्यावर किती गांभीर्य! हा उपदेश अज्ञानमूलक आहे. जुन्या काचेच्या प्लेटवर चित्र उमटायला वेळ लागे आणि हललेला चेहरा पुसट येई. म्हणून हलायचे नाही, हसायचे नाही, असा दंडक पडला. पुढे कॅमेरे वेगवान झाले तरी समूहचित्राचा तो शिरस्ता राहिला. जे छायाचित्रकाराच्या हुकमाने झाले, त्याला आपण शील म्हणतो.

त्या मुली शालीन होत्या की नव्हत्या, ते त्यांचे त्यांना ठाऊक. त्या निमूट मात्र नव्हत्या. पुण्यात २९ सप्टेंबर १८८४ रोजी हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलींना असले उच्च शिक्षण कशाला, म्हणून खुद्द टिळकांच्या पत्रांतून तिच्यावर टीकेची झोड उठली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम पुढे शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या जागेवर, एका झोपडीत. तेथे राहिलेल्या पार्वतीबाई आठवले या विधवेने १९१८मध्ये अमेरिका गाठली, पुरते इंग्रजी येत नसताना, आणि परक्या घरांत घरकाम करून आश्रमासाठी पैसे जमवले. ३ जून १९१६ रोजी कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापले आणि पहिला वर्ग भरला तो पाच विद्यार्थिनींचा. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव 'गृहीतागमा', पुढची 'प्रदेयागमा'. या पदव्या सरकारमान्य नव्हत्या. कायद्याचे पाठबळ मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. म्हणजे ज्या पदवीला बाजारात किंमत नाही, ती घ्यायला या मुली घरच्यांशी, गावाशी, काही जणी स्वतःच्या वैधव्याशी झगडून आल्या होत्या. त्यांचे चित्र आजच्या मुलीला गप्प बसवण्यासाठी दाखवणे म्हणजे त्यांचा दुसऱ्यांदा पराभव करणे होय. चित्रातल्या मुलीला नाव नाही म्हणूनच हे करता येते. नाव असले, तिची हकीकत ठाऊक असली, तर तिच्या तोंडी आपले शब्द घालण्याची कोणाची छाती होणार नाही.

१९२०मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लागले. देणगी मोठी होती, नाव लागले हे योग्यच झाले. पण आपल्या वाचकांनी स्वतःला विचारून पाहावे : संस्थापक आपल्याला ठाऊक, देणगीदार ठाऊक, देणगीदाराच्या मातोश्रीही ठाऊक, त्या पहिल्या पाच जणींपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? इमारत बांधणाऱ्यांची नावे दगडावर कोरली जातात. इमारतीत येऊन बसणाऱ्यांची नावे कागदावरही राहू नयेत, ही कोणती रीत?

महूच्या माणसाला या विषयावर बोलताना आणखी एक गोष्ट टाळता येणार नाही. याच छावणीत, सैनिकी शाळेत शिकवणाऱ्या सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला; २००३पासून सरकारदरबारी या गावाचे नावही डॉ. आंबेडकर नगर असे आहे. महूच्या जुन्या मराठी घरांत महार पलटणींतल्या जवानांची घरेही आहेत, याचा आपल्या मंडळींना स्मरणिका काढताना विसर पडतो. जुन्या समूहचित्रांतले चेहरे मोजताना कोण आहे एवढेच पाहून भागत नाही; कोण नाही तेही पाहावे लागते. आणि ते पाहण्यासाठीही नावेच लागतात. आडनावांची यादी हाती आली की मगच लक्षात येते, कोणत्या सालापर्यंत त्या रांगेत कोणाच्या लेकी नव्हत्या आणि कोणत्या साली त्यांतली पहिली येऊन बसली. अनामिक चित्र हा सारा इतिहास एका मोघम 'प्रगती'खाली झाकून टाकते. नावे लिहायला जे कचरतात, त्यांतल्या काहींना कदाचित ही यादीच नको असते.

हे काम कसे करावे, याचा धडा याच बाजूने मिळालेला आहे. आंबेडकरी चळवळीत हजारो स्त्रिया होत्या; २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली, तेव्हा त्यांची विराट गर्दी लोटली होती. पण त्यांचा इतिहास लिहिलेला नव्हता. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार गावोगाव फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या दारात जाऊन बसल्या, त्यांच्या तोंडून हकिकती उतरवून घेतल्या. आणि १९८९मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ सिद्ध झाला. ज्यांच्यापाशी दप्तरे नव्हती त्यांनी हे केले. ज्यांच्या घरात पाच-पाच अल्बम आहेत, त्यांनी सबबी सांगू नयेत.

त्याच चित्राच्या कडेला पुष्कळदा आणखी एक बाई उभी असते : वसतिगृहाची स्वयंपाकीण, घंटा देणारी, मुलींना टांग्यातून घरोघर पोचवणारी. ती रांगेत नसते, पण चौकटीत असते. स्मरणिकेत चित्र छापताना कडा कापतात तेव्हा सर्वांत आधी तीच कापली जाते. तिचे नाव जुन्या विद्यार्थिनींना हमखास आठवते. अनेकदा प्राचार्यांच्या नावाहून आधी आठवते. ते विचारले पाहिजे आणि लिहिले पाहिजे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, घरच्या बायकांची नावे अशी चारचौघांत कशाला? कोणाच्या खासगी गोष्टी जाहीर कराव्यात असे आम्ही म्हणत नाही. हयात स्त्रीला तिचे नाव छापलेले नको असेल तर तिचा शब्द अखेरचा मानावा. छापू नये, पण चित्रामागे लिहून ठेवावे. लिहिणे आणि छापणे यांत फरक आहे. मात्र जिच्या वतीने हा संकोच सांगितला जातो, तिला एकदा विचारून पाहिले आहे काय? बहुतेक वेळा संकोच तिचा नसतो, तिच्या मुलांचा असतो.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता सारे संगणकात घालून ठेवले, काळजी नाही, असे म्हणतात. ही समजूत आम्हाला सर्वांत घातक वाटते. पूर्वी एक अनामिक चित्र होते. आता त्याच्या शंभर अनामिक प्रती झाल्या, इतकाच फरक. उलट यंत्राने प्रत काढताना समोरची बाजू तेवढी घेतली जाते, आणि मागे कोणी पेन्सिलीने काही खरडले असेल तर तेही मागेच राहते. नंतर मूळ प्रत 'आता काय करायची' म्हणून फेकली जाते. प्रत काढा, अवश्य काढा. पण दोन्ही बाजूंची काढा, आणि नाव आधी लिहा.

तिसरा आक्षेप म्हणजे खात्री नसताना कसे लिहावे? याचे उत्तर फिलाडेल्फियाच्या चित्राने देऊन ठेवले आहे. खात्री नसेल तेथे 'बहुधा' लिहावे आणि ओळख कोणी पटवली तिचेही नाव लिहावे. दोघींनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. पुढचा माणूस निवाडा करील. त्याला निवाडा करण्याजोगे काही ठेवणे हे आपले काम.

आक्षेपांना एवढे उत्तर पुरे. करायचे काय, तेही सांगतो, कारण नुसते दोष दाखवून थांबणे आम्हाला मान्य नाही. समूहचित्रावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढावी आणि आकडे घालावेत. मूळ चित्राला हात लावायची गरज नाही. मग दुसऱ्या कागदावर आकड्यापुढे पाच गोष्टी लिहाव्यात : माहेरचे नाव, सासरचे नाव, हाक मारायचे नाव, वर्ग व साल, आणि त्या वेळी राहण्याचे ठिकाण. महूहून इंदूरला रोज कोण जाई, कोण वसतिगृहात होती, कोण नातेवाइकांकडे, हे त्या शेवटच्या रकान्यातून आपोआप निघते. चित्रामागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला आणि हलक्या हाताने लिहावे. शाईच्या वा बॉलपेनच्या रेघा पुढच्या बाजूला उमटतात. चिकट पानांच्या अल्बमातून चित्रे जपून मोकळी करावीत. त्यांतला गोंद कागद खातो. या कामाला एक दुपार लागते आणि एक म्हातारी लागते. दुपारी पुष्कळ मिळतील.

साहित्यसंस्थांकडेही आमचे मागणे आहे. इंदुरात २००१मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी विजया राजाध्यक्ष होत्या, याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. त्या मंडपात बसलेल्या आपल्याकडच्या किती जणी आपापल्या घरातल्या पहिल्या पदवीधर होत्या, याची नोंद कोठे आहे? व्याख्यानमाला आणि कोजागिरी जशी ठरलेल्या दिवशी होते, तसा वर्षातून एक दिवस ओळख पटवण्याचा ठेवावा. घरोघरची समूहचित्रे त्या दिवशी आणावीत, प्रत काढून मूळ त्याच दिवशी परत करावे, आणि जुन्या विद्यार्थिनींना व्यासपीठावर हार घालून बसवण्याऐवजी टेबलापाशी भिंग देऊन बसवावे. त्यांना आशीर्वादपर चार शब्द नकोत, काम हवे आहे. आणि येथून पुढे आपल्या कोणत्याही स्मरणिकेत नावांविना 'विद्यार्थिनी' एवढ्याच ओळीचे चित्र छापू नये. नावे मिळत नसतील तर तसे लिहावे, चित्र पूर्ण आकाराने छापावे, कडा कापू नयेत, आणि ओळखणाऱ्यांनी कळवावे अशी विनंती करावी. रिकामी जागा रिकामी दिसली पाहिजे; तिच्यावर गौरवाचे शब्द पसरून ती झाकू नये.

आपल्या घराण्यांना वंशावळींची हौस आहे. माळव्यात कोणत्या साली कोणते मूळ पुरुष आले, त्यांना कोणती सनद मिळाली, हे सांगताना आपला कंठ फुटतो. त्या वंशावळींत लेकी नसतात; त्या दुसऱ्या घरी गेल्या म्हणून वगळलेल्या, आणि सुना आल्या त्या बदललेल्या नावांनी. महाविद्यालयाचे समूहचित्र ही आपल्या घरांची तेवढीच खरी दुसरी वंशावळ आहे. तीत मुली स्वतःच्या नावाने बसल्या आहेत. फक्त ते नाव कोणाला तरी अजून आठवते आहे, आणि ते माणूस आज दुपारी घरी आहे. तिच्यासमोर चित्र ठेवावे, डावीकडून पहिल्या चेहऱ्यावर बोट ठेवावे आणि विचारायला सुरुवात करावी.